हवालदाराला सोडता येत नाही

कुठल्याही ऑफिसात जा, एक माणूस असा सापडतोच की ज्याची रजा कधी मंजूर होत नाही. तो कामचुकार असतो म्हणून नव्हे, तो काम करतो म्हणून! जो दिवसभर खिडकीबाहेर बघत बसतो त्याला साहेब हसत हसत सोडतात, 'जा बाबा, ये सावकाश.' आणि जो मान मोडून राबतो त्याच्या खांद्यावर हात ठेवून म्हणतात, 'तू गेलास तर आमचं कसं व्हायचं?' त्या माणसाला बिचाऱ्याला वाटतं, केवढा हा मान! मंडळी, अशाच एका माणसाची ही गोष्ट आहे. ती आनंदाची नाही, हे आधीच सांगून ठेवतो.

लष्करी इस्पितळाच्या मागच्या अंगाला पत्र्याच्या छताचं एक लांबट वर्कशॉप होतं. तिथे कृत्रिम पाय बनत. सुरुंगावर, अपघातात, कुठे कुठे पाय गमावून आलेले जवान जखम भरली की या वर्कशॉपच्या बाकावर येऊन बसत. आत पाऊल टाकलं की ओल्या प्लास्टरचा आणि तापलेल्या प्लास्टिकचा वास नाकात शिरे. भिंतीशी साचे ओळीनं उभे असत, प्रत्येकावर पेन्सिलीनं त्या त्या जवानाचं नाव. टोकाला चालण्याच्या सरावासाठी दोन समांतर दांड्या आणि त्यांच्यासमोर माणूसभर उंचीचा आरसा.

या वर्कशॉपचे मुख्य म्हणजे उस्ताद. खरं नाव हजेरीपटावर होतं, पण तिथून ते तोंडात कधी आलंच नाही. फौजेत केस पांढरे झालेला, आवाजानं जरब बसवणारा आणि मनानं लोण्याहून मऊ माणूस. आणि उस्तादांचा उजवा हात म्हणजे हवालदार.

हवालदाराच्या हाताला गुण होता. पायाचा उरलेला भाग ज्या वाटीत बसतो तिला सॉकेट म्हणतात. ते नीट बसलं नाही तर बाकी सगळा पाय सोन्याचा केलात तरी फुकट. हवालदारानं घासलेलं सॉकेट टोचत नसे. बाकावर बसलेले जवान दबक्या आवाजात एकमेकांना सांगत, "थांब, घाई करू नको. हवालदार मोकळे होऊ देत." हे ऐकलं की उस्तादांची छाती फुगायची.

हवालदाराला मात्र एक खंत होती. पाय बनवायचा कसा ते त्याला ठाऊक होतं. तो तसाच का बनवायचा, ते ठाऊक नव्हतं. फौजेनं दिलेलं हातकामाचं शिक्षण आणि नोकरी करता करता पत्राद्वारे पुरी केलेली विज्ञानाची पदवी, एवढ्या शिदोरीवर त्याचं चाललं होतं. एखादा पाय बिघडला की तो इथे घास, तिथे फोम लाव, असं अंदाजानं करत राही. बहुतेक वेळा जमे. कधी कधी अजिबात जमत नसे.

न जमलेल्यांत एक ड्रायव्हर होता. फौजी ट्रक चालवायचा. ट्रक दरीत गेला आणि पाय मांडीतून कापावा लागला. तरणाताठा, बोलघेवडा गडी. सॉकेट छान बसलं होतं, कुठे लाली नव्हती, फोड नव्हता. पण दांड्यांमधून दोन फेऱ्या मारल्या की तो कंबर धरून खाली बसे.

"दादा, पाय झकास आहे हो," तो म्हणे. "कंबरच साली कामातून गेली माझी. तिचंही एक सॉकेट बनवता येतं का बघा!"

हवालदार हसे आणि पाय पुन्हा खोलायला घेई. ड्रायव्हरच्या मांडीचा सांधा पूर्ण सरळ होत नाही, हे त्याच्या बोटांना कळत होतं. पण सांध्याचं ते अडणं पायात कसं धरायचं, सॉकेट किती कलतं ठेवायचं, हे सांगणारं तिथे कोणी नव्हतं. डॉक्टर जखम बघत आणि "छान भरली आहे" म्हणून पुढे जात. शल्यविभागातले तरुण डॉक्टर अधिकारी होते. त्यांच्यातला एखादा दरवर्षी भरपगारी रजेवर पुढच्या पदवीसाठी जाई आणि परतल्यावर सगळे त्याचं अभिनंदन करत. शिपायाला, हवालदाराला तशी रजा नव्हती. का नव्हती? कोणी विचारलंच नव्हतं. शिकायचं ते अधिकाऱ्यांनी, करायचं ते जवानांनी, असं आपण सगळ्यांनीच कधीतरी धरून टाकलेलं आहे.

आणि त्या वर्षी अघटित घडलं! शहरातल्या विद्यापीठानं कृत्रिम अवयवशास्त्राच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमात एक जागा खास जवानांसाठी राखली. पगार चालू, राहण्याची सोय तिथेच. प्रयोग म्हणून. नीट पार पडला तर जागा वाढवू, असं विद्यापीठाचं म्हणणं होतं. फक्त वयाची अट होती, आणि हवालदार त्या अटीच्या काठावर उभा होता. यंदा, नाहीतर कधीच नाही.

कोणाला पाठवायचं हे ठरवणार होते उस्ताद. इस्पितळाच्या मोठ्या साहेबांनी ते त्यांच्यावरच सोपवलं होतं.

चहाच्या सुट्टीत उस्तादांनी हवालदाराला बाजूला घेतलं. स्वतःच्या हातानं चहा ओतला.

"तुझ्या मनात काय आहे मला माहीत आहे," ते म्हणाले. "पण तूच सांग, तुला सोडून मी हे वर्कशॉप चालवू कसं? बाकावर बघ किती जण बसलेत. तुझ्याकडे डोळे लावून बसलेत ते. त्यांना काय सांगू?"

"उस्ताद, दोनच वर्षांचा प्रश्न आहे. यंदा गेलो नाही तर..."

"अरे, कागदाचा तुकडा मिळवून तू आणखी काय मोठा होणार आहेस? तुझ्या हातात जे आहे ते त्या प्रोफेसरांच्या बापाला तरी येतं का? आज मी तुला वरच्या पदावर बसवायला निघालोय, आणि तुला वह्या घेऊन पोराटोरांत जाऊन बसायचंय!" उस्तादांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "मुलासारखा आहेस तू माझ्या. माझ्या निवृत्तीपर्यंत तरी सोडून जाऊ नकोस."

आता यावर माणसानं काय बोलावं? कोणी शिवी दिली तर उलटून बोलता येतं. हवालदारानं चहा संपवला आणि मान डोलावली. खोटं कशाला सांगू, आतून त्याला थोडं बरंही वाटलं.

मग पाठवायचं कोणाला? उस्तादांनी फार डोकं खाजवलं नाही. वर्कशॉपात आणखी एक पदवीधर होता. सगळे त्याला पाहुणा म्हणत, कारण तो कधीही आला की आता निघायच्या बेतात असल्यासारखा दारातच उभा असे. त्याला प्लास्टरच्या वासानं मळमळायचं. त्याला हिशेबाच्या विभागात जायचं होतं, पण फौजेनं इथे टाकलं. त्यानं घासलेलं सॉकेट हवालदाराला पुन्हा घासावं लागे.

"मी?" पाहुणा चक्क घाबरला. "उस्ताद, मला यातलं काही आवडत नाही. हवालदारांना पाठवा ना!"

"हवालदाराला सोडता येत नाही," उस्ताद म्हणाले. "तुला येतं."

सगळे हसले. पाहुणाही हसला.

त्या संध्याकाळी हवालदारानं घरी बायकोला सांगितलं. ती ओट्याशी पाठमोरी उभी होती. वळली नाही.

"मग तुम्ही काय म्हणालात?"

"काय म्हणणार? उस्तादांचा जीव आहे माझ्यावर."

"जीव आहे ना? मग तुमच्या भल्याचं का नाही दिसत त्यांना?" ती आता वळली. "अहो, इतकी वर्षं तुम्ही जेवणाच्या टेबलावर पुस्तकं मांडून बसलात. मी ताटं मांडीवर घेऊन पोरांना जेवायला घातलं. कशासाठी? उस्तादांनी छान म्हणावं म्हणून?"

"त्यांना दुखवायचं नव्हतं गं."

"मला दुखवलेलं चालतं, स्वतःला दुखवलेलं चालतं. फक्त उस्तादांना नाही."

जेवणं झाल्यावर टेबलावरची पुस्तकं तिनं उचलली आणि कपाटाच्या वरच्या फळीवर ठेवली. त्यानंही अडवलं नाही.

पाहुणा विद्यापीठात गेला. वर्कशॉप पूर्वीसारखंच चालू राहिलं. हवालदाराला वरचं पद मिळालं, हाक मात्र हवालदार हीच राहिली. उस्तादांनी आनंदानं स्वतः पेढे वाटले. ड्रायव्हर येत राहिला. मग त्याच्या खेपा कमी झाल्या. एक दिवस तो कुबड्यांवर आला. कृत्रिम पाय त्यानं पिशवीत घालून आणला होता.

"दादा, हा ठेवा तुमच्याकडे," तो म्हणाला. "दुसऱ्या कोणाला उपयोगी पडला तर द्या. मला कंबर हवी आहे."

या वेळी त्यानं काही विनोद केला नाही. हवालदार त्या पिशवीकडे बघत राहिला आणि मग बाकावरच्या पुढच्या माणसाला हाक मारली.

पहिलं वर्ष सरता सरता पाहुणा परत आला. नापास होऊन. ज्याला प्लास्टरच्या वासानं मळमळायचं त्याला आपण शरीराच्या चलनवलनाचं गणित शिकायला धाडलं होतं, दुसरं काय होणार! तो वाळला होता आणि कोणाच्या नजरेला नजर देत नव्हता. लोकांनी थट्टा केली, "काय पाहुणे, पाहुणचार संपला वाटतं?" तो मात्र हवालदारापाशी येऊन हळूच म्हणाला, "तिथे पहिल्या दिवशी सरांनी सगळ्यांना सांगितलं, हे आपले पहिले सैनिक विद्यार्थी. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या हो. मी एकटा नापास झालो असतो तर चाललं असतं. मी सगळ्यांच्या वतीनं नापास झालो."

त्यानंतर थोड्याच दिवसांनी विद्यापीठातल्या एक प्राध्यापिका वर्कशॉपात आल्या. साध्या, चष्मा लावणाऱ्या, कमी बोलणाऱ्या बाई. सैनिकांची जागा सुरू व्हावी म्हणून विद्यापीठाच्या समितीपुढे त्याच भांडल्या होत्या. उस्तादांनी त्यांना मोठ्या अगत्यानं सगळं दाखवलं. हवालदारापाशी येऊन त्या थांबल्या. तो घासत असलेलं सॉकेट हातात घेऊन त्यांनी आतून बोट फिरवलं.

"हे तुम्ही केलंत? अंदाजानं?"

"हो मॅडम. अंदाजानंच. म्हणून कधी कधी फसतं." आणि हवालदाराला राहवलं नाही. योगायोगानं ड्रायव्हर औषधं घ्यायला इस्पितळात आला होता. हवालदारानं त्याला बोलावून आणलं. "मॅडम, याचं मला आजवर कळलं नाही. सांधा अडतोय हे कळतं. पुढचं कळत नाही."

बाईंनी ड्रायव्हरला टेबलावर उताणं झोपवलं आणि चांगला गुडघा छातीशी धरायला सांगितला. तसा धरताच कापलेली मांडी आपोआप टेबलावरून वर उचलली गेली. बाईंनी तिच्याशी कोनमापक लावला.

"इतका कोन सॉकेटमध्ये धरायला हवा होता," त्या म्हणाल्या. "सरळ सॉकेटमध्ये हा मागे कंबर वाकवूनच उभा राहणार. म्हणून दुखतं. तेव्हाच धरला असता आणि सोबत व्यायाम दिले असते तर हा आज चालत आला असता. आता सांधा पार आखडलाय. थोडं सुटेल. सगळं नाही."

ड्रायव्हर छताकडे बघत पडून राहिला.

"हे कुठे शिकवतात, मॅडम?" हवालदारानं विचारलं.

"आमच्याकडेच. दुसऱ्या सहामाहीत."

हवालदारानं ड्रायव्हरला उठायला हात दिला, कुबड्या दिल्या आणि दारापर्यंत सोडायला गेला.

बाई उस्तादांकडे वळल्या. "हा माणूस तुमच्याकडे होता, तर तुम्ही याला का नाही पाठवलंत?"

उस्ताद अभिमानानं म्हणाले, "मॅडम, याला सोडलं तर वर्कशॉप बंद पडेल! आमचा सगळ्यात चांगला माणूस आहे हा."

"आणि म्हणून आमच्याकडे सगळ्यात नकोसा माणूस पाठवलात?"

"तसं नाही मॅडम. ज्याच्यावाचून अडत नाही त्याला..."

"उस्ताद, परवा आमच्या समितीची बैठक झाली. तिथे काय ठरलं माहीत आहे? सैनिकांची जागा बंद. 'जवानांना पदव्युत्तर अभ्यास झेपत नाही, प्रयोग करून पाहिला,' असं तिथे सगळ्यांनी मान्य केलं. मी एकटी किती भांडणार? माझ्याकडे दाखवायला एकच विद्यार्थी होता, तुमचा." त्यांचा आवाज पहिल्यांदाच चढला. "डॉक्टर शिकायला जातात तेव्हा तुम्ही कधी म्हणता का, इस्पितळ बंद पडेल? तिथे दुसरा येतो, गैरसोय होते, सगळे सोसतात! मग जवान शिकायला निघाला की गैरसोय एवढी मोठी का होते? तुम्ही एका माणसाला अडवलंत असं तुम्हाला वाटतंय. तुम्ही त्याच्यामागे उभ्या असलेल्या सगळ्यांचा दरवाजा लावून घेतलात! आणि हा जो आत्ता कुबड्या घेऊन बाहेर गेला, त्याची कंबरही त्या दरवाज्यात सापडली."

कोपऱ्यात पाहुणा साचे पुसत होता, तो पुसायचा थांबला. उस्तादांनी त्याच्याकडे बघितलं आणि पटकन नजर वळवली. आपण या पोराला हसलो होतो, हे त्यांना आत्ता आठवलं.

अरेरे! केवढी ही चूक, आणि केवढ्या प्रेमानं केलेली! दुष्टपणानं कोणी कोणाची वाट अडवली तर जग त्याला नावं ठेवतं. कौतुकानं अडवली तर जग टाळ्या वाजवतं.

दुसऱ्या दिवशी उस्ताद मोठ्या साहेबांपुढे जाऊन उभे राहिले आणि म्हणाले, "साहेब, नापास जवान झाला नाही, मी झालो. मी निवडताना लबाडी केली. हे विद्यापीठाला तुमच्या तोंडून कळू द्या." साहेब चांगले होते. बाईंनीही तिकडून जोर लावला. बरेच खेटे घातल्यावर समितीनं जागा आणखी एकदा द्यायचं कबूल केलं. या वेळी निवड विद्यापीठ करणार होतं, आणि निवडलेल्याला युनिटनं सोडलंच पाहिजे अशी अट होती. तोवर नवं वर्ष उजाडलं होतं. वयाची अट मात्र हललेली नव्हती. ती शिथिल व्हावी म्हणूनही उस्ताद साहेबांकडे, साहेब पुढे वर, असे सगळे भांडून आले. हवालदाराचं नाव त्या अटीत बसलं नाही ते नाहीच.

ती बातमी उस्तादांनी स्वतः हवालदाराला सांगितली. वर्कशॉप सुटलं होतं, दोघंच होते. उस्ताद बाकावर बसले, जिथे एरवी पाय गमावलेले जवान बसत.

"मला माफ कर," ते म्हणाले.

हवालदार हत्यारं जागेवर लावत होता. शेवटची कानस ठेवून तो वळला.

"उस्ताद, एक सांगू? राग मानू नका. मी जरा वाईट काम केलं असतं ना, तर आज शिकलेला असतो."

एवढंच तो बोलला. त्यानं माफ केलं असं म्हटलं नाही, आणि उस्तादांनीही पुन्हा विचारलं नाही.

विद्यापीठानं निवड केली ती वर्कशॉपातल्या प्लास्टरवालीची. ही एक शिपाई बाई, यंदाच पत्राद्वारे पदवी पुरी केलेली, साचे घेण्यात पटाईत. हवालदाराच्या खालोखाल वर्कशॉप तिच्यावर चालायचं. ती निघाली त्या दिवशी बाक भरलेला होता आणि साचे घ्यायला माणूस नव्हता. उस्तादांनी बाह्या सरसावल्या आणि इतक्या वर्षांनी स्वतः प्लास्टरमध्ये हात घातले. साचा वाकडा आला. पुन्हा केला. पुन्हा वाकडा आला. बाकावरचे जवान ताटकळले, एकानं कुरकुरही केली.

"उस्ताद, तिला परत कधी बोलावणार?"

"तिचं शिक्षण पुरं झालं की," उस्ताद म्हणाले. "तोवर तुम्ही थांबायचं आणि मी शिकायचं."

शेजारच्या टेबलावर हवालदार मान खाली घालून कानस चालवत होता. तो आताही वर्कशॉपातला सगळ्यात चांगला माणूस होता आणि यापुढे तो तेवढाच राहणार होता. ही गोष्ट त्याच्या नावानं गोड करता आली असती तर मी केली असती. पण गेलेलं वय कोणाच्याही पश्चात्तापानं परत येत नाही.

म्हणून, बंधुभगिनींनो, हात जोडून सांगतो. आपल्या पदरी एखादं असं माणूस असेल, फौजेत असो, ऑफिसात असो की घरात असो, तर त्याची स्तुती करण्याआधी त्याला विचारा, तुला कुठे जायचं आहे? ज्याच्यावाचून आपलं अडतं, त्यालाच आधी सोडा. अडू द्या आपलं! दोन वर्षं आपलं काम रखडलं तर ते पुन्हा उभं करता येतं. आपण अडवून ठेवलेला माणूस मात्र जागच्या जागी म्हातारा होतो, आणि आपण त्याच्या गळ्यात हार घालत बसतो.